तुमच्या बीटवरची एकोणीस झाडं

नाना, तुमच्या बीटवर, तुम्ही राखायचात त्या जंगलात, जाऊन आले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कामासाठी. मुद्दाम गेले असते तर सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं नव्हतं, यादीत ठिकाण आलं म्हणून गेले. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुम्हाला लिहायला आज पहिल्यांदा बसले आहे. आपण घरात अशा भाषेत कधी बोललो नाही, बोलणं काय नि भांडणं काय, सगळं अहिराणीत. पण कागद समोर आला की हात शाळेतल्या मराठीकडे वळतो. तेवढं चालवून घ्या.

मी आता काय काम करते ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शिरपूरच्या कॉलेजात तासिकेवर वनस्पतीशास्त्र शिकवत होते. पुढे जळगावला आले आणि गेली बरीच वर्षं एका लहान संस्थेत आहे. आमचं काम तुम्हाला समजेल असं सांगते. झाड वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतं आणि लाकडात, मुळांत धरून ठेवतं. ते तोडून जाळलं की तो परत हवेत जातो. रान मोडून नांगर घातला की मातीतलाही जातो. हवा तापायची जी कारणं आहेत त्यांतलं हे एक. म्हणून कुठली जमीन आधी काय होती आणि आता काय झाली, कुठे रान गेलं, कुठे नवं उभं राहिलं, हे देशाला जगापुढे मांडून दाखवावं लागतं. आकाशातून काढलेल्या फोटोंवरून नकाशा तयार होतो, त्यावर ठिपके टाकले जातात, आणि त्या ठिपक्यांवर जाऊन खरंच तिथे काय आहे ते बघायला आमच्यासारखी माणसं लागतात. एक टेप, मातीचे डबे, फॉर्मचा गठ्ठा आणि भाड्याची गाडी. थोडक्यात, तुम्ही पायी करायचात तेच मी गाडीने करते, फक्त मला गणवेश नाही.

फोटो फसवतात, ते मात्र खरं. जानेवारीत मुक्ताईनगरच्या बाजूला एका ठिपक्यावर गेले. नकाशावर दाट झाडी, आणि समोर बघते तर केळीची बाग. मालक बांधावर उभा होता. त्याला सांगितलं की तुमचं शेत नकाशात जंगल म्हणून आलंय, तर तो हसायलाच लागला. "अहो ताई, केळीले झाड म्हनता तुम्ही? घड उतरला का कापून टाकतो आम्ही तिले." मीही हसले. नकाशा दुरुस्त केला. असे दिवस बरे असतात.

तुमच्या बीटचा ठिपका यादीत दिसला तेव्हा मी लगेच ओळखला नाही. नुसते आकडे असतात, अक्षांश नि रेखांश. शिरपूर सोडून गाडी डोंगराकडे वळली, आपल्या क्वार्टरची जागा आली, तिथे आता पत्र्याचं गोदाम आहे, आणि ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पुढं रस्ता नाही, नाल्यापासून पायी." तेव्हा समजलं. नाल्यापलीकडचा तो उतार. ज्याच्यापायी तुमची जंगलातली नोकरी गेली तोच.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून कधी हललेला नाही. मी दहावीत आहे. क्वार्टरच्या त्या अर्ध्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात आई कळण्याच्या भाकरी थापते आहे, मी पाटावर बसून मिरच्यांची देठं काढते आहे. तुम्ही आत येता, टोपी खुंटीला लावता, आणि पाणी पिऊन झाल्यावर सांगता की निलंबनाचा कागद आला. एवढंच. आईचा हात तव्यावरच थांबतो. तुम्ही मात्र नेहमीसारखे बसता, दोन भाकरी, वर ठेचा, तेल घालून. तोपर्यंत सगळ्या गावात बोललं जात होतं की नाकेदाराने जंगल विकलं. लोक तुम्हाला नाकेदारच म्हणत, वनरक्षक हे फक्त कागदावर. पलीकडच्या उतारावर सात पावरा आदिवासी कुटुंबांनी शेतीसाठी झाडं पाडायला घेतली होती, आणि तुम्हाला तपासायला पाठवलं तेव्हा तुम्ही "अतिक्रमण आढळले नाही" असं लिहून दिलं होतं. मग वरचे साहेब स्वतः आले आणि त्यांना राख सापडली. वर्गातल्या मुली माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. मी त्या दिवशी देठं काढता काढता, मान वर न करता म्हटलं, "बठ्ठं गाव म्हणस, तुम्ही जंगल विकी खादं." आई माझ्यावर ओरडली. तुम्ही ओरडला नाहीत. हात धुतलेत, आणि दारातून बाहेर जाताना म्हणालात, "तू तठे गयी व्हती का? पहिले तठे जाय, देख, मंग बोल."

मी गेले नाही. नाला दहा मिनिटांवर होता. दहावीचं वर्ष होतं, मग धुळे, मग लग्न, मग शिरपूरचं कॉलेज, मग जळगाव. वर्षभराने तुम्हाला कामावर परत घेतलं, पण जंगलात नाही, धुळ्याच्या लाकडाच्या डेपोत. तिथे तुम्ही निवृत्त होईपर्यंत कापून आलेल्या सागाच्या ओंडक्यांवर हातोडीने शिक्के मारत बसलात. मी एकदा डबा घेऊन आले होते तेव्हा तुम्ही एका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बोट फिरवत वलयं मोजत होतात. मला म्हणालात, हे बघ, इथे दुष्काळ पडला होता, इथे पाऊस बरा झाला. ज्या वर्षी मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला त्या वर्षी तुम्ही मला शिंप्याचा पिवळा टेप आणून दिलात आणि डेपोच्या दारातल्या कडुनिंबावर घेर कसा मोजायचा ते दाखवलंत. छातीच्या उंचीवर, टेप सैल नको, उतारावर असेल तर वरच्या बाजूला उभं राहायचं. आजही तसंच मोजतात. मी किती जणांना शिकवलं, आणि दर वेळी तुमचा आवाज कानात असतो, पण तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तर मी नाला ओलांडून वर गेले. मक्याची कापलेली ताटं, मधून मधून तुरीची खुंटं, बांधांना दगड लावलेले. आणि शेतांच्या मधोमध झाडं. मोठाली. महू, म्हणजे पुस्तकातला मोह, चारोळी, दोन टेंभुर्णी, एक अंजन. पानगळ चाललेली, महूच्या फांद्यांना नुकते गुच्छ धरलेले. मी थांबले, कारण माझ्या यादीप्रमाणे तिथे झाडं असायला नको होती. फॉर्मवर लिहिलेलं होतं, पूर्वी वन, आता शेती.

एका झोपडीतून एक म्हातारी आली. पंचाहत्तरीची असावी, पाठ वाकलेली, पण उतारावर माझ्यापेक्षा भरभर चालणारी. मी सरकारी वाटले असणार, म्हणून तिने आधी परत आत जाऊन आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि वनहक्काच्या दाव्याचा कागद माझ्या हातात दिला. जमीन त्यांच्या नावावर झाली आहे, नाना. मी म्हटलं, "आजी, कागद नको, मी फक्त झाडं मोजायला आलेय." ती माझ्याकडे, मग टेपकडे बघत राहिली. मी जवळच्या महूला टेप घालायला लागले तर एकटीच्या हाताने तो पोचेना. तिने न सांगता दुसरं टोक धरलं. मोजता मोजता मी बोलून गेले की माझे वडील इथे नाकेदार होते. तिने टेप सोडला नाही, पण मान पुढे काढून माझं तोंड न्याहाळलं.

"नाकेदारनी पोर शे का तू?"

मी हो म्हटलं. मग ती तिथेच, झाडाच्या बुंध्याशी बसली आणि मलाही बसवलं. माझ्यासाठी ती अहिराणी बोलत होती, मधूनच तिची पावरी यायची, आणि मला जेवढं कळलं तेवढं सांगते. तुम्ही आलात तेव्हा त्यांनी कुऱ्हाडी लपवल्या होत्या. त्या वर्षी खालच्या गावात मजुरी नव्हती, तिची दोन लेकरं महूच्या उकडलेल्या फुलांवर जगत होती. तुम्ही रागावला नाहीत, पाणी मागितलंत. मग तिच्या नवऱ्याला बरोबर घेतलंत, एका लोट्यात गेरू कालवायला लावलात, आणि दिवसभर उतारावर फिरून झाडांवर बोटाने खुणा करत गेलात. "हाऊ नको. हाऊबी नको. नालानं काठे हात नही लावाना." ती तुमचा आवाज काढून दाखवत होती आणि तो जवळजवळ बरोबर होता. खुणेची वीस झाडं सोडून बाकी सगळं त्यांनी पाडलं. तीन दिवस जळत होतं. तेही तिने सांगितलं, लपवलं नाही. धूर खालच्या गावापर्यंत गेला आणि मग साहेब आले.

मी विचारलं, "मग तुम्हाला कोणी हाकललं नाही?" ती म्हणाली, हाकललं, दोनदा झोपड्या मोडल्या, आम्ही दोनदा परत आलो. आणि पुढे जे म्हणाली ते मला माहीत नव्हतं. "तो येत होता ना. दर सालले. महू फुलना का येवाना." धुळ्याहून एसटीने शिरपूर, तिथून मिळेल त्या जीपने, मग पायी. यायचात, एकेका झाडाला हात लावून फिरायचात, पाणी प्यायचात आणि जायचात. एका वर्षी विसातलं एक झाड कमी दिसलं. तिच्या नवऱ्याने सांगितलं, वादळात पडलं. तुम्ही त्या वेळी पाणी प्यायला नाहीत, तसेच उतरून गेलात. ती हे सांगताना तोंडावर पदर धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आम्हीच पाडं व्हतं. लेकनं लगीन व्हतं, दारं-खिडक्यास्ले लाकूड पाहिजे व्हतं. त्याले समजनंच व्हतं. पुढलं साल परत उना, पानी पिना. काही बोलना नही."

आम्हाला तुम्ही सांगायचात, सोनगीरला शेतावर जाऊन येतो. मी त्या संध्याकाळी गाडीतूनच आईला फोन केला. तिला आता कमी ऐकू येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग म्हणाली, "माले माहीत व्हतं," आणि जेवलीस का म्हणून विचारलं. मला एकटीलाच माहीत नव्हतं, किंवा मला कधी विचारावंसं वाटलं नाही. माझ्या त्या वाक्यानंतर आपल्या दोघांत जंगलाचा विषय निघाला की तुम्ही उठून जायचात. मी समजत होते की तुम्हाला लाज वाटते.

आम्ही दोघींनी मिळून एकोणीसही झाडं मोजली. दुपार झाली, माझे गुडघे बोलायला लागले, तिचे नाही. शेवटच्या झाडाशी तिने विचारलं, "काय लिहशी?" मी म्हटलं, आहे ते लिहीन. नाना, हे सांगायला सोपं होतं. फॉर्ममध्ये तुमच्या उताराला एकच रकाना आहे, वनाची झाली शेती. म्हणजे उत्सर्जन. ते चूकही नाही. तीन दिवस जे जळलं ते हवेतच गेलं, पुढे नांगराने मातीतलं गेलं, आणि एकोणीस झाडांनी ते भरून निघत नाही. मी माती काढून पाहिली, नाल्याकाठची काळी नि भुसभुशीत, वरच्या शेतातली फिकी. तुम्ही केलंत ते दयेने केलंत म्हणून हवेला काही फरक पडत नाही. झाडांचे घेर मी "शेतातील विखुरलेली झाडे" या रकान्यात लिहिले. तो रकाना भरला नाही तरी चालतो, आणि पुढच्या तक्त्यात तो घेतच नाहीत. माझ्या वहीत तेवढे राहिले.

खरी गोष्ट पुढची आहे. नाल्याच्या अलीकडे, जिथे तुमच्या वेळी जुना साग होता, तिथे काही वर्षांपूर्वी साग काढून एका योजनेत नवी लागवड झाली. नकाशात तो भाग गडद हिरवा आहे, नवं जंगल, म्हणजे हवेतला कार्बन ओढून घेणारं. यादीतला दुसरा ठिपका तिथेच होता, म्हणून परत येताना मी त्यात शिरले. खड्डे आहेत, रांगेत. रोपांच्या जागी वाळलेल्या काड्या, कुठे कुठे एखादी जगलेली सुबाभूळ, आणि बाकी सगळी घाणेरीची झुडपं, माणसाच्या डोक्यापर्यंत. पावसाळ्यात घाणेरी हिरवीगार दिसते, वरून काढलेल्या फोटोला तेवढं पुरतं. मी फॉर्मवर लिहिलं, लागवड मृत, झुडपी तण. फोटो जोडले. आठ दिवसांनी फॉर्म परत आला, "उपग्रह प्रतिमेशी जुळत नाही, पुन्हा पाहावे." मी प्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. ते वाईट माणूस नाहीत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, मला ताई म्हणतात.

"ताई, पावसाळ्यातल्या फोटोत हिरवं आहे ना?"

"घाणेरी आहे ती."

"मान्य. पण आपण एकटेच मृत लिहिणार आणि बाकी सगळे जिवंत. मग तो ठिपकाच काढून टाकतील, नि पुढच्या वर्षी आपल्याला कामही देणार नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा उन्हाळा होता, पानगळ होती, असं लिहा. ते खोटं नाही."

ते खोटं नव्हतंच. उन्हाळा होता, पानगळ होती. अशी वाक्यं मी पूर्वीही दोन-तीनदा लिहिली आहेत. पहिल्यांदा रात्रभर झोप लागली नव्हती, दुसऱ्यांदा तेवढं वाटलं नाही. या वेळी मी माझ्या टेबलावर येऊन बसले, मृत खोडलं, "पानगळीमुळे विरळ, वन" असं लिहिलं आणि खाली सही केली. पंखा फिरत होता. शिपायाने चहा आणून ठेवला, तो मी प्यायले. तुम्ही एका ओळीत खोटं लिहिलंत आणि तुमचं जंगल गेलं, गावात मान खाली गेली, मुलगी बोलली. मी एका ओळीत खोटं लिहिलं आणि काहीही झालं नाही. कोणाच्या लेकरांसाठीही मी ते लिहिलेलं नव्हतं. मी दमले होते, नाना, हेच खरं कारण. पुन्हा पाहावे, पुन्हा पाहावे, आणि पुन्हा जाऊन पाहिलं तरी ते तसंच दिसणार, आणि पुन्हा मीच ते शब्दांत बसवणार. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. तेवढी निघतील.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी मी निघताना म्हातारीने माझ्याकडे तुमचा फोटो मागितला. तिच्या नवऱ्याचा तिच्याकडे आहे, दाव्याच्या कागदावर चिकटवलेला, पण तुमचा नाही. मी म्हटलं, महू पडायला लागला की घेऊन येते. आईकडून मागवला, नोकरीच्या सुरुवातीचा, टोपी घातलेला, तुम्ही त्यात फार कोवळे दिसता. स्टुडिओत जाऊन मोठा करून घेतला, लॅमिनेशन केलं. तिला कुठलंही टपाल पोचत नाही, तुम्हाला तर नाहीच, म्हणून हे कागद त्या फोटोच्याच पाकिटात सरकवून ठेवणार आहे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ठिपक्यासाठी शिरपूरवरूनच गेले. पाकीट पिशवीत होतं. डोंगराकडच्या फाट्यावर ड्रायव्हरने गाडी हळू केली, त्याला आठवत होतं, त्याने विचारलं, "मॅडम, वर जायचंय ना?" रस्त्याकडेचा महू टपटपत होता, बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. म्हातारी फोटो घेईल, आणि मग विचारील की काय लिहिलंस, एवढंच माझ्या मनात आलं. मी त्याला म्हटलं, आज नको, उशीर झालाय. सकाळचे साडेनऊ वाजले होते.